नागोयाला काय ठेवलंय?

हपिसातल्या एका मित्राने मागच्या महिन्यात मला एक्सेल शीट पाठवली. "जपानला चाललोय दहा दिवस, जरा बघून सांग." टोकियो चार दिवस, फुजी एक, क्योतो तीन, नारा अर्धा (हरणांसाठी), ओसाका दीड. प्रत्येक खान्याला रंग, प्रत्येक रंगाला अर्थ. पोरगं प्रोजेक्ट मॅनेजर होणार यात शंका नाही. मी एवढंच म्हटलं, की टोकियोहून क्योतोला जाताना शिंकानसेन नागोयाला थांबतेच, तर तिथे उतर आणि दोन दिवस दे.

"नागोयाला काय ठेवलंय?"

आता यात त्याचा एकट्याचा दोष नाही. खुद्द नागोयाकरांचंही मत फारसं वेगळं नाही. २०१६ मध्ये नागोया महापालिकेने जपानमधल्या आठ मोठ्या शहरांतल्या लोकांना विचारलं, तुम्हाला कुठलं शहर आकर्षक वाटतं? नागोया शेवटचं आलं. स्वतःच्या पैशाने पाहणी करून स्वतःचाच शेवटचा नंबर जाहीर करणारी महापालिका मला तरी दुसरी माहीत नाही. त्यासाठीच दोन मार्क जास्त द्यायला हवेत.

पण मला राग आला तो वेगळ्या कारणासाठी. हाच मित्र आमच्याकडे नव्या भरतीला ‘लीन’चं ट्रेनिंग देतो. स्लाइडवर स्लाइड. जिदोका, कायझेन, पोका-योके, आंदोन. साकिची तोयोदांचा काळा-पांढरा फोटो. हे सगळे शब्द ज्या गावात, ज्या यंत्रांवर जन्मले ते गाव त्याच्या वाटेत आहे, गाडी तिथे थांबते, आणि हा खिडकीतून बघत पुढे जाणार, कारण क्योतोला किमोनो भाड्याने घेऊन फोटो काढायचाय. मंडळी, घ्या की किमोनो, मी कोण नको म्हणणारा? पण मग निदान ती स्लाइड तरी काढून टाका.

नागोया आणि त्याच्या आजूबाजूचा प्रदेश, म्हणजे आइची, गिफू, आणि डोंगरात वर नागानो, हा जपानचा चुबू भाग. होन्शू बेटाची कंबर म्हणा. इथे एकेका वस्तूला वाहिलेली संग्रहालयं आहेत. माग, रेल्वे, टाइल, व्हिनेगर, मिसो, सुऱ्या, रेशीम. ‘म्युझियम’ म्हटल्यावर आपल्याला काचेच्या पेटीतली नाणी आणि पेंगणारा रखवालदार आठवतो. इथे तसं नाही. यंत्रं चालू असतात. भाषा न कळणं ही सबब इथे चालत नाही, कारण यंत्र तुमच्यासमोर धडधडत असतं आणि ते जपानीत बोलत नाही.

नागोया स्टेशनपासून मेइतेत्सु लाइनवर एकच स्टेशन पुढे साको आहे. तिथून तीन-चार मिनिटं चाललं की लाल विटांची लांबलचक इमारत लागते. १९११ मध्ये साकिची तोयोदांनी इथे आपला कापड कारखाना काढला. १९९४ मध्ये, ११ जूनला, त्यांचा मुलगा किइचिरो (ज्याने मोटारी काढल्या) याच्या जन्माला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, इथे टोयोटाचं उद्योग-तंत्रज्ञान संग्रहालय उघडलं. लोक मोटारींसाठी येतात. तुम्ही आधी मागांकडे जा. मोटारी नंतर बघा, त्या कुठे पळून जात नाहीत.

सुरुवात सरकी काढण्यापासून होते. मग हाताने कातणं, मग ‘गारा-बो’ नावाचं १८७० च्या दशकातलं जपानी कताईयंत्र. पत्र्याच्या नळ्यांत कापूस भरायचा, नळ्या फिरायच्या, वरून सूत निघायचं. चालताना गारागारा आवाज करतं म्हणून गारा-बो. (नाव ठेवण्याची ही पद्धत आपल्याला कळण्यासारखी आहे. आपण फटफटी म्हणायचोच की.) इथे एक आपला संदर्भही आहे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने जपानच्या निप्पोन युसेन कैशा कंपनीने मुंबई-कोबे बोट सुरू केली, ती मुख्यतः आपला कापूस जपानी गिरण्यांना न्यायला. पुढे त्याच जपानी गिरण्यांच्या सुताने चीनच्या बाजारातून मुंबईचं सूत हटवलं. त्यामुळे कापसाच्या त्या दालनात उभं असताना मला अगदीच परक्यासारखं वाटलं नाही.

आणि मग येतो ‘टाइप जी’. १९२४ सालचा तोयोदा स्वयंचलित माग.

या मागाचं वर्णन मी आधी दहा वेळा वाचलेलं होतं. तरीही समोर पाहिल्यावर काही मिनिटं तोंडातून शब्द निघाला नाही. धोटा इकडून तिकडे असा जातो की डोळ्याला दिसतच नाही, फक्त खटखट ऐकू येते. धोट्यातलं सूत संपत आलं की माग न थांबता स्वतःच रिकामा धोटा टाकून भरलेला घेतो. हे झालं कौतुकाचं. खरी गोष्ट पुढे आहे. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळशी धातूची पट्टी अडकवलेली असते. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर. धागा तुटला की पट्टी खाली पडते, आणि ती खाली पडली की माग थांबतो. सेन्सर नाही, वीज नाही, गुरुत्वाकर्षण आहे. दाखवणाऱ्या बाईंनी कात्रीने एक धागा कापला. खट. माग गप्प. शेकडो धागे, त्यातला एक तुटला, आणि अख्खं यंत्र थांबलं.

त्यांनी वाकून तो धागा शोधला, गाठ मारली, दांडा ओढला. पुन्हा धडधड.

हे का केलं होतं, हे नीट समजून घ्या. थांबला नाही तर माग तुटक्या धाग्यानिशी वारभर रद्दी कापड विणून मोकळा होईल, म्हणून कोणीतरी सतत डोळे लावून बसायला हवं. म्हणजे माणूस यंत्राचा राखणदार. साकिचींनी ती राखण यंत्राच्याच गळ्यात बांधली. सगळं ठीक असेल तर माणसाने बघायचीच गरज नाही. बिघडलं की यंत्र स्वतः थांबून माणसाला बोलावणार. त्यामुळे एकच कामगार डझनावारी माग सांभाळू शकला. (मालकाला मजूर कमी लागले हाही त्याचा अर्थ आहेच. टोयोटाने स्वतःच्या पैशाने स्वतःबद्दल काढलेलं संग्रहालय आहे हे, तेव्हा कुठली बाजू ठळक असणार हे वेगळं सांगायला नको.) १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाच्या पेटंट-हक्कांसाठी १ लाख पौंडांचा करार केला. प्लॅट ब्रदर्स म्हणजे लँकेशायरची मातब्बर कंपनी, ज्यांची यंत्रं जगभरच्या गिरण्यांत गेली. त्यांनी जपानकडून हक्क विकत घेतले!

यालाच जिदोका म्हणतात. जपानीत स्वयंचलनालाही जिदोकाच म्हणतात, पण टोयोटावाले मधलं अक्षर बदलून लिहितात. ‘हलणे’ या अक्षराच्या डाव्या बाजूला माणसाचं चिन्ह जोडलं की ‘काम करणे’ असं अक्षर होतं. उच्चार तोच, लिहिताना मात्र माणूस आत येतो. ताइइची ओनोंनी १९७८ च्या पुस्तकात टोयोटा पद्धतीचे दोन खांब सांगितले, त्यातला एक हा. आणि ओनो काही मोटारीतून आलेले नव्हते. १९३२ मध्ये ते तोयोदाच्या सूतगिरणीत लागले होते. तिथून हा तुटका धागा मोटारीच्या कारखान्यात आला. कामगाराने दोरी ओढली की लाइन थांबते, ती दोरी म्हणजे दुसरं काही नाही, ती खाली पडणारी पट्टीच आहे.

आता आमच्याकडे काय होतं ते सांगतो. कंपनी कुठली ते विचारू नका, तुमचीही असू शकेल. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज. सहा टेस्ट लाल. टीममध्ये नुकतीच आलेली एक मुलगी, तिने साधेपणाने विचारलं, "थांबवायचं का?" ती ट्रेनिंगमध्ये ऐकूनच आली होती ना, की लाइन कोणीही थांबवू शकतं म्हणून. उत्तर मिळालं, "त्या सहा कमेंट कर, बिल्ड हिरवा होऊ दे, सोमवारी बघू." रविवारी रात्री क्लायंटकडे डेटा घोळला. सोमवारी खरंच बघितलं, मूळ कारण शोधायची मीटिंग लागली, आणि पाच वेळा ‘का’ विचारून झाल्यावर मूळ कारण सापडलं ते ही मुलगी! कमिट तिच्या नावावर होता. ज्या खोलीत मीटिंग झाली तिथे भिंतीवर आंदोन बोर्डाचं छान फ्रेम केलेलं चित्र आहे. मीही त्या मीटिंगला होतो आणि गप्प बसलो होतो. हेही इथे लिहायलाच हवं.

वर्ष संपताना तिचं रेटिंग खाली गेलं. बेल कर्व्हमध्ये कोणीतरी खाली बसवावंच लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

नागोयाहून पूर्वेला ओकाझाकी आहे. तिथल्या किल्ल्यापासून आठ ‘चो’ अंतरावर, म्हणजे साधारण ८७० मीटरवर, हाच्चो मिसो बनतो. ‘हाच्चो’ म्हणजेच आठ चो. दोनच जुनी घरं आहेत, काकुक्यू आणि मारुया, समोरासमोर. काकुक्यूने १९०७ च्या गोदामात आपलं संग्रहालय केलंय. माणसापेक्षा उंच लाकडी पिंपं, त्यांवर नदीतले दगड हाताने रचून केलेले शंकू. एकेका पिंपावर तीनेक टन. दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे मुरवायचा. वास असा की दुसऱ्या दिवशीही शर्टातून गेला नाही. २०१७ मध्ये जपानच्या कृषी खात्याने ‘हाच्चो मिसो’ला भौगोलिक मानांकन दिलं, पण ते आइची प्रांतातल्या उत्पादकांच्या संघाला. त्या व्याख्येत स्टीलच्या टाक्या चालतात आणि मुरवण्याचा काळही पुष्कळ कमी चालतो. आठ चोवरची दोन्ही मूळ घरं बाहेर! मारुयाने कोर्टात दाद मागितली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हरली. नाव एकाकडे, दगड दुसऱ्याकडे. त्या पिंपांमध्ये उभा राहून मी आमच्या ट्रेनिंगच्या स्लाइड्सचाच विचार करत होतो.

बाकीची थोडक्यात सांगतो. हांदाचं मित्सुकान व्हिनेगर संग्रहालय २०१५ मध्ये उघडलं (आधी बुकिंग करून जा). साकेच्या चोथ्यापासून केलेलं स्वस्त तांबूस व्हिनेगर इथून बोटीने एदोला जायचं आणि तिथे निगिरी सुशीत पडायचं. वीस मीटर लांबीची ती बोट पुन्हा बांधून ठेवली आहे. तोकोनामेला, म्हणजे नागोयाच्या विमानतळाच्या अगदी दाराशी, इनॅक्सचं सिरॅमिक संग्रहालय आहे. १९२१ ची कोळशाची भट्टी, आत शिरून बघता येते. तिथेच मेइजी काळातली निळ्या नक्षीची चिनी मातीची संडासाची भांडी मांडली आहेत. हसू नका, नक्षी पैठणीच्या तोडीची आहे :-)

ताजिमीच्या मोझॅक टाइल संग्रहालयाबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त लिहितो. २०१६ मध्ये उघडलं, तेरुनोबू फुजिमोरींनी बांधलंय, बाहेरून मातीच्या खाणीचा तुटलेला कडा वाटतो. पण संग्रह आला कुठून? कासाहारा गावचा धंदा टाइलचा. जुनी घरं, सार्वजनिक स्नानगृहं पाडली जाऊ लागली तेव्हा गावातल्या काही लोकांनी तिथल्या टाइल, हौद, नमुन्यांचे तक्ते उचलून आणायला सुरुवात केली. ना सरकार, ना कंपनी. आपण बनवलेलं फेकलं जातंय, हे पाहवलं नाही म्हणून. कितीतरी वर्षं ते नुसतंच साठत होतं. आपल्यापैकी कोणी स्वतः लिहिलेल्या, आता बंद पडलेल्या सिस्टिमचा एक स्क्रीनशॉट तरी ठेवलाय का?

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. नागोयाहून ‘शिनानो’ गाडीने शिओजिरीला जा, तिथे गाडी बदला आणि ओकायाला उतरा. सुवा सरोवराच्या काठी. हे गाव एके काळी जपानच्या रेशमाची राजधानी होतं. तिथल्या रेशीम संग्रहालयात मियासाका नावाची खरीखुरी रेशीम गिरणी चालू आहे. उकळत्या पाण्यात कोष नाचतात, बायका त्यांतून डोळ्याला न दिसणारी टोकं उचलून धाग्याला जोडतात, आणि शिजलेल्या अळ्यांचा वास सगळीकडे. १८७२ च्या तोमिओका गिरणीतलं फ्रेंच यंत्रही इथे ठेवलंय.

या गावच्या गिरण्यांत डोंगरापलीकडच्या हिदा भागातून मुली यायच्या. बारा-चौदा वर्षांच्या. १६७२ मीटर उंचीची नोमुगी खिंड बर्फातून चालत ओलांडून. करारावर सही बापाची, उचल बापाला. १९०९ मध्ये मासाई मिने नावाची एक मुलगी आजारी पडली, भाऊ तिला पाठीवर घेऊन घरी निघाला, आणि खिंडीच्या माथ्यावर, जिथून हिदा दिसतं, तिथे ती गेली. खिंडीत दोघांचा पुतळा आहे.

पण मला हलवून गेली ती पगाराची पद्धत. रोज प्रत्येकीचं सूत तपासलं जायचं. किती काढलं, किती कोषांतून काढलं, जाडी सारखी आहे का, चकाकी कशी. मग सगळ्यांची सरासरी काढायची. सरासरीच्या वर असलेलीला जास्त, खाली असलेलीला कापून. एकूण पगाराची रक्कम ठरलेली, म्हणजे एकीला जे जास्त मिळतं ते दुसरीच्या पगारातून. सगळ्यांनी दुप्पट चांगलं काम केलं तरी अर्ध्या खालीच राहणार. वर्षाला शंभर येन मिळवणाऱ्या ‘शंभर येनवाल्या’ मुलींचा गावभर बोलबाला व्हायचा, म्हणजे पुढच्या वर्षी आणखी मुली खिंड ओलांडायला तयार.

ओळखीचं वाटतंय ना? मलाही वाटलं. हा बेल कर्व्ह आहे. शंभर वर्षांपूर्वीचा, उकळत्या पाण्यातला.

काही जण म्हणतील, अतिशयोक्ती करतोस, एसीत बसून लठ्ठ पगार घेणाऱ्यांची तुलना त्या पोरींशी? मान्य, तुलना कष्टांची नाहीच, हिशेबाच्या पद्धतीची आहे. आणि गंमत पुढेच आहे. शिगेमी यामामोतो या लेखकाने शेकडो म्हाताऱ्या झालेल्या कामगार बायकांशी बोलून १९६८ मध्ये नोमुगी खिंडीवर पुस्तक लिहिलं. त्यातल्या बहुतेकींनी सांगितलं की जेवण घरच्यापेक्षा बरं होतं, गेलो ते चांगलंच झालं. खोटं बोलत नव्हत्या त्या. घरी खरंच त्याहून वाईट होतं. आमचं पब्लिकही रेटिंगच्या दिवशी कॉफी मशीनपाशी हेच म्हणतं, "जाऊ दे रे, ऑनसाइट तर मिळालं."

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या कंपन्या भिंतीवर नागोया लावतात आणि कारभार ओकायाचा करतात. आणि हे आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण दोन्ही पाहिलेलं नाही. आपल्याला जपान माहीत आहे ते स्लाइडवरचं आणि इन्स्टावरचं. साकोच्या त्या इमारतीत धागा तुटताना एकदा बघितलात, तर ‘आमच्याकडे जिदोका आहे’ असं म्हणणाऱ्याला विचारायचा प्रश्न आपोआप सुचतो: इथे पट्टी कोण, आणि ती पडली की नेमकं काय थांबतं?

मित्राची शीट मी परत पाठवली. क्योतोचा एक दिवस कापून नागोया घातलं, रंग त्याच्याच पद्धतीने दिला. ओकाया ‘जमल्यास’ म्हणून करड्या रंगात. त्याचं उत्तर आलं, "बायकोला विचारून सांगतो." असो.

पुढच्या सोमवारी नव्या बॅचचं ट्रेनिंग आहे आणि मला मागच्या बाकावर बसायला सांगितलंय, अनुभवी माणूस म्हणून. साकिचींचा फोटो आला की मी हात वर करणार आहे. मागच्या वेळी ती मुलगी उभी होती तेव्हा केला नव्हता.